रिकामं म्हणजे शून्य

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.४०

डॉक्टर म्हणाले, ब्लडप्रेशर असंच राहिलं तर गोळी वाढवावी लागेल. त्यापेक्षा मनातलं कुठेतरी ओतून मोकळे होत जा. बायकोपाशी मोकळा व्हायला गेलो. ती म्हणाली, आधी बेसिनच्या नळाचा वॉशर बदला. म्हणून ही वही. कोणी वाचणार नाही, तेव्हा खोटं लिहायचं कारण नाही.

संकल्प: रोज अर्धा तास चालणे. चहात साखर बंद. दर रविवारी आईकडे, न चुकता. ऑफिसात चिडायचं नाही, विशेषतः वयाने लहान असलेल्यांवर. आता सगळेच लहान आहेत.

संध्याकाळी ६.३०

चाललो नाही. पहिलाच दिवस, अंगवळणी पडायला वेळ लागतो.

साहेबांनी बोलावलं. साहेब माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान, पण मी मनाला लावून घेत नाही. आमची कंपनी रुग्णालयांना आणि वृद्धाश्रमांना बोलावण्याचे दिवे पुरवते. पलंगाशी दोरीला लटकणारं बटण, दाराच्या चौकटीवर लाल दिवा. बटण दाबलं की दिवा लागतो, कॉरिडॉरमध्ये बसलेली मदतनीस बघते आणि येते. बटण आणि दिवा यांच्यामध्ये जो छोटा प्रोग्राम असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो मी लिहिलाय. नऊ वर्षं झाली, एक तक्रार नाही. दोन होत्या, पण त्या वायरिंगच्या.

तर पत्र आलंय. दिवा फार भगभगीत आहे, समोरच्या खोलीत दारावरच्या काचेतून डोळ्यांवर येतो, कमी-जास्त करायची सोय द्या. पत्र नेमकं आईच्या वृद्धाश्रमाचं. साहेबांनी विचारलं, किती दिवस? म्हटलं, दोन. ते म्हणाले, पाच घ्या, घाई नाही. म्हटलं, साहेब, एक ऑप्शन वाढवायचा आहे, इमारत बांधायची नाही. दोन म्हणजे दोन.

४ फेब्रुवारी, मंगळवार

बूट सापडले नाहीत. चालणं रद्द. साखर अर्धा चमचा. एकदम तोडली तर शरीर घाबरतं.

ताईचा फोन. आईला तिथे टाकून तुला झोप कशी लागते, हा तिचा ठरलेला प्रश्न. ताई परगावी असते, तिला झोप छान लागते. मी शांतपणे सांगितलं: टाकलेलं नाही, ती राहायला गेली आहे. दुसरं, त्या इमारतीत बावीस खोल्या आणि प्रत्येक दारावर माझा दिवा. आई माझ्या घरात जेवढी सुरक्षित होती त्यापेक्षा तिथे जास्त आहे. घरी दिवसभर एकटीच असायची. ताई म्हणाली, दिवा पाणी आणून देतो का? ताईशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन दिवसांचं काम, पण मधे दोन मीटिंगा, आणि दिवा तीसच्या खाली नेला की थरथरतो. तो दोष दिव्याचा. तरी मी सोडवला. आता शून्य ते शंभर, कुठलाही आकडा द्या, तेवढा उजेड. शून्य दिला तर पूर्ण बंद, म्हणजे रिकाम्या खोलीत कोणी चुकून बटणावर बसलं तरी फुकट उजेड नको. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. अनुभव.

आकडा खोलीच्या दारावर आतल्या बाजूने बसवलेल्या डब्यात भरायचा. लॅपटॉप लावला, आकडा टाकला, झालं. बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, वॉशर.

९ फेब्रुवारी, रविवार

आईकडे जायचं होतं. घसा खवखवत होता. म्हाताऱ्या माणसांमध्ये घसा घेऊन जाणं बेजबाबदारपणाचं. संध्याकाळी बरं वाटलं, पण तेव्हा त्यांची भेटीची वेळ संपलेली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

काम टेस्टिंगला दिलं. टेस्टिंगला एक मुलगी आहे, तिशीची. हुशार आहे, नाही म्हणत नाही. पण तिचं प्रत्येक वाक्य 'समजा'ने सुरू होतं, म्हणून मी तिला मनातल्या मनात समजाबाई म्हणतो. समजा लाईट गेली तर? समजा दोन बटणं एकदम दाबली तर? समजा, समजा. असं समजत बसलं तर माणसाने घराबाहेरच पडू नये.

आज तिची चिठ्ठी आली: सर, समजा एखाद्या डब्यात आकडा भरलाच नाही तर?

लिहून पाठवलं: कोण भरणार नाही? भरायचाच आहे.

तिचं उत्तर: पण समजा राहिला. रिकाम्या जागेला तुमचा प्रोग्राम शून्य समजतो. शून्य म्हणजे दिवा बंद. बटण दाबलं तरी दिवा लागणार नाही आणि कोणाला कळणारही नाही. काही लिहिलं नसेल तर शंभर धरा ना, एका ओळीचं काम आहे.

एका ओळीचं काम! मी ओळी लिहीत होतो तेव्हा ही बाराखडी गिरवत होती. रिकामं म्हणजे शून्य. हे माझं मत नाही, गणित आहे.

संकल्प क्रमांक चार आठवला. चिडलो नाही. फक्त मोठ्या अक्षरात उत्तर दिलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

समजाबाई जागेवर आली. हळू आवाजात बोलते, हे एक बरं आहे. म्हणाली, सर, पूर्वी आवाज करणारा भोंगा पण होता ना? म्हटलं, होता. लोकांची झोपमोड होते म्हणून आश्रमाने दोन वर्षांपूर्वी काढून टाकला. म्हणाली, म्हणजे आता फक्त दिवाच. म्हटलं, हो, फक्त दिवा, आणि तो माझा आहे.

खरं सांगायचं तर एक ओळ टाकायला हरकत नव्हती. पण मग सगळी टेस्टिंग पुन्हा, आणि साहेबांना मी सोमवारीच 'झालं' म्हणून कळवलेलं. दोनाचे दहा दिवस झालेच आहेत. तिच्या तक्रारीपुढे 'असं होणार नाही' लिहिलं आणि बंद केली. तिने ते वाचलं. मग गेली.

१६ फेब्रुवारी, रविवार. सायंकाळी

आज एका दगडात दोन पक्षी. आश्रमात जाऊन नवा ड्रायव्हर स्वतः टाकला आणि आईलाही भेटलो. रविवारचा संकल्प पाळला.

स्टुलावर चढून एकेक डबा. कॉरिडॉरमध्ये बसणाऱ्या मदतनीस बाईंनी स्टूल धरलं. त्यांना सगळे मावशी म्हणतात, वयाने माझ्यापेक्षा लहानच असतील. डाव्या हाताची दोन बोटं आखडलेली, पण पकड पक्की. म्हणाल्या, साहेब, दिवा मंद झाला तर मला या टोकावरून दिसेल ना? चांगला प्रश्न. साठवर ठेवून त्यांना बसवून दाखवलं. दिसतो म्हणाल्या.

बावीसपैकी एकवीस झाल्या. बारा नंबर रंगकामासाठी बंद होती, किल्ली रंगाऱ्याकडे, आणि रंगारी रविवारी कुठला सापडायला. तिथे ड्रायव्हर ऑफिसमधून इंटरनेटवरून जाईल. आकडा तेवढा नंतर बघू. खोली रिकामीच आहे.

आई सहा नंबरमध्ये. एकोणऐंशी वर्षं. चौतीस वर्षं शाळेत मुलींना शिवण शिकवलं; अजून कोणी आलं की आधी त्याच्या शर्टाची कॉलर बघते. माझीही बघितली. मग समोरच्या आजींना हाक मारून सांगितलं, हा माझा मुलगा, हे दिवे ह्याचेच. आजींनी विचारलं, इलेक्ट्रिशियन का? आईने सांगितलं, त्याच्यापेक्षा वर. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

वीस मिनिटं बसलो. जास्त बसलं की ती दमते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आश्रमाच्या मेट्रनबाईंचं आभाराचं पत्र. समोरच्या खोल्यांत आता झोप लागते. साहेबांनी पत्र सगळ्यांना पाठवलं, वर लिहिलं: याला म्हणतात कॉन्फिगरेबल, म्हणजे हवं तसं बदलता येणारं. दिवसभर बरं वाटत होतं. समजाबाईने अभिनंदन केलं आणि विचारलं, सर, बावीसही भरल्या ना? म्हटलं, जवळजवळ. जवळजवळ म्हणजे, असं ती म्हणायच्या आत फोन आला. बरं झालं.

चाललो. दहा मिनिटं, पण भरभर.

२३ फेब्रुवारी, रविवार

आईकडे जाणार होतो, पण वॉशर. शेवटी आज हात घातलाच. वॉशर बदलला, आता नळच गळतो. प्लंबर म्हणाला, आटे गेलेत, कोणी ओढलंय? बायको खिडकीबाहेर बघत राहिली.

आईचा फोन. तिच्या भिंतीला ओल धरली आहे, गुडघे ठणकतात. अशा वेळी माझी ओळख कामाला येते. मेट्रनबाईंना फोन लावला: बारा नंबर आता तयार झाली असेल, ताजा रंग, खिडकी बागेच्या बाजूला, ती आईला द्या. त्या म्हणाल्या, देते. चांगल्या आहेत. ताईला लगेच मेसेज केला: आईला सगळ्यात चांगली खोली मिळवून दिली. ताईने अंगठा पाठवला. तिच्याकडून एवढंही पुष्कळ.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आई बारा नंबरमध्ये गेली. ऑफिसात होतो म्हणून जाता आलं नाही. मेट्रनबाईंचा फोन: बरेच दिवस बंद होती खोली, बटण दाबून बघू का एकदा? हसू आलं. म्हटलं, मॅडम, स्वतः बनवणाऱ्याच्या आईच्या खोलीत कसली तपासणी करताय. त्याही हसल्या.

आकड्याचं डोक्यात होतं. या रविवारी गेलो की करतो.

१ मार्च, शनिवार

आईचा फोन. खोली छान आहे, खिडकीतून एक झाड दिसतं. काल संध्याकाळी पाणी हवं होतं, तीनदा बटण दाबलं, कोणी आलं नाही. शेवटी या खोलीसमोरच्या आजींना हाक मारली. तुझा दिवा बिघडला का रे?

मी समजावलं: आई, दिवा बिघडत नाही. मावशी चहाला गेल्या असतील. एक तर त्या, बावीस जणांकडे बघायचं, जरा धीर धरावा. ती म्हणाली, बरं, तसंच असेल. लगेच पटतं तिला, हा तिचा मोठा गुण.

फोन ठेवल्यावर आकड्याचं आठवलं. उद्या जाणारच आहे.

२ मार्च, रविवार

गेलो नाही. बायकोच्या मावसबहिणीकडे साखरपुडा होता, तो टाळला असता तर घरात राहणं कठीण झालं असतं. एक दिवसाने काय होतंय. मंगळवारी ऑफिसातून लवकर निघून जातो.

४ मार्च, मंगळवार

सव्वाचारला मेट्रनबाईंचा फोन. आई पडली. दुपारी सगळे आडवे झालेले असताना पलंगावरून उठायला गेली आणि पाय सरकला. पावणेचारला चहा घेऊन गेलेल्या बाईने बघितलं. दीड-पावणेदोन तास जमिनीवर होती.

रुग्णालयात आहे. खुब्याचं हाड मोडलंय.

चेहरा राखेसारखा. मला बघून म्हणाली, ऑफिस सोडून कशाला आलास?

पुढे लिहवत नाही.

५ मार्च, बुधवार

ऑपरेशन उद्या. ताई रात्रीच्या गाडीने निघाली.

मेट्रनबाई येऊन गेल्या. खूप वाईट वाटत होतं त्यांना. म्हणाल्या, बटणाची दोरी हातात होती हो आईंच्या. दाबलं असेलच. मावशी पंधरा पावलांवर स्टुलावर बसलेल्या. दिवा लागला नाही असं म्हणतायत. डुलकी लागली असणार, दुसरं काय. तुमचे दिवे तर तुम्ही गेल्याच महिन्यात बघून गेलात.

मी म्हटलं, हो.

एवढंच म्हटलं. दिवे बघून गेलो होतो, हे खरंच आहे.

६ मार्च, गुरुवार

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हाड बसवलंय, पण या वयात चालणं पूर्वीसारखं होईल असं सांगता येत नाही.

दुपारी रुग्णालयाच्या पायऱ्यांवर मावशी उभ्या. आत येऊ देत नव्हते. म्हणाल्या, आईंना बघायचं होतं. मग म्हणाल्या, साहेब, मी झोपले नव्हते. मुलाची शपथ. लोकरीचं विणत होते, दर सुई संपली की वर बघते, सवयच आहे. बारावर दिवा लागलाच नाही. तुम्हीच सांगा मेट्रनबाईंना, तुम्हाला दिव्यातलं कळतं.

म्हटलं, बघतो.

वायर सैल असू शकते. रंगाऱ्याने डबा हलवला असू शकतो. रंगारी लोक काय करतील सांगता येत नाही. माणसाने एकदम निष्कर्षावर उडी मारू नये.

८ मार्च, शनिवार

सकाळी आश्रमात गेलो. तपासणी करतो म्हटलं. बारा नंबरमध्ये आईचा पलंग तसाच, चादर ओढलेली, उशीवर चष्म्याचं घर. कोणीतरी तिच्या चपला भिंतीशी लावून ठेवल्या होत्या.

लॅपटॉप जोडला. आकड्याची जागा रिकामी.

किती वेळ बघत होतो माहीत नाही. दाराशी मेट्रनबाई होत्या, त्यांना लॅपटॉपचा पडदा दिसत नव्हता. त्यांनी विचारलं, काय हो, ठीक आहे ना?

मी शंभर टाकलं. मग दोरी उचलून बटण दाबलं. दिवा लागला. कॉरिडॉरभर लाल.

म्हटलं, दिवा लागतोय.

यात खोटं एक अक्षर नाही. दिवा लागत होता. त्या म्हणाल्या, वाटलंच मला. आणि गेल्या. मी जिना उतरत असताना त्या ऑफिसात मावशींशी बोलत होत्या. आवाज चढलेला नव्हता. मावशींचा आवाज येतच नव्हता.

उजेड शंभर ठेवलाय. समोरच्यांना त्रास होईल, पण सुरक्षितता महत्त्वाची.

९ मार्च, रविवार

आईजवळ बसलो. चार तास. एवढा मी वर्षभरात बसलो नसेन. ताईही होती. तिने एकदाही काही सुनावलं नाही. त्यापेक्षा सुनावलं असतं तर बरं.

मावशींना कामावरून काढलं, असं आईच्या जुन्या खोलीसमोरच्या आजींनी ताईला फोनवर सांगितलं. ताई म्हणाली, चांगलं केलं, झोपा काढायच्या म्हणजे काय. मी पाण्याची बाटली भरायला गेलो.

मावशींना दुसरीकडे काम मिळेल. अशा कामाला माणसं मिळतच नाहीत सध्या.

११ मार्च, मंगळवार

समजाबाई जागेवर आली. खुर्ची ओढून बसली, नाहीतर ती कधी बसत नाही. आईची चौकशी केली. मग म्हणाली, सर, अपघात झाला की डब्याची नोंद मागवायची असते, साहेबांनी मला सांगितलं. मी बारा नंबरची मागवली.

प्रत्येक डबा आपल्यापाशी लिहून ठेवतो: बटण कधी दाबलं, दिवा लागला की नाही, आकडा कोणी कधी बदलला. नोंदीची ही सोय मीच केली होती, नऊ वर्षांपूर्वी; आकड्याचं तेवढं आत्ता वाढवलं. कोणी कधी बघत नाही.

तिने कागद माझ्यापुढे ठेवला. चार तारीख. पहिल्यांदा दोन वाजून सहा मिनिटांनी. मग लागोपाठ आठ-दहा वेळा. मग दर दोन मिनिटांनी, मग पाच. तीन वाजता वीस मिनिटं काहीच नाही. मग पुन्हा. शेवटचं तीन एकेचाळीसला. एकूण त्रेसष्ट वेळा. प्रत्येक ओळीपुढे: उजेड शून्य.

सगळ्यात खाली आठ तारीख, सकाळी अकरा वीस. आकडा शंभर केला. पुढे माझं नाव.

तिने 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही. मी वाट बघत होतो. ती म्हणाली, त्या बाईंची नोकरी गेली म्हणे. तुम्ही सांगाल की मी सांगू? म्हटलं, मीच सांगतो. सोमवारपर्यंत वेळ दे, आईला जरा उतार पडू दे. ती म्हणाली, शुक्रवार. आणि कागद माझ्याकडेच ठेवून गेली.

चुकीच्या वेळी माणसं किती कडक होतात.

१३ मार्च, गुरुवार

संकल्प: उद्या सकाळी साहेब, मग मेट्रनबाई, मग आई. याच क्रमाने. काय बोलायचं ते लिहून काढलं. पहिला मसुदा दोन पानी झाला, त्यात रंगारी फार येत होता. दुसरा एक पानी. तिसरा चार ओळी. तिसरा बरा आहे.

१४ मार्च, शुक्रवार

सकाळी आधी आईकडे गेलो. क्रम बदलला, कारण ती आई आहे.

ती उशीला टेकून बसली होती, प्रथमच. बोलायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, मला तुझ्याशी बोलायचंय, बस. त्या मावशीला काढलं म्हणे. ताई सांगत होती. अरे, तिची काय चूक? पडले तेव्हा मी घाबरले होते, हाताला कंप सुटलेला. बटण नीट दाबलंच गेलं नसेल. अंगठ्यात जोर कुठे राहिलाय माझ्या. सुईत दोरा जात नाही हल्ली. दिवा लागेल कसा?

मी म्हटलं, आई.

ती म्हणाली, थांब, मला बोलू दे. माझ्या चुकीपायी कोणाच्या पोटावर पाय नको. तू लिही, मी सही करते.

मी म्हटलं, आई, ऐक. ती म्हणाली, कागद आहे ना? होता. खिशात चार ओळींचा मसुदा होता, त्याचीच मागची बाजू कोरी. तिने सांगितलं तसं लिहिलं: मी बटण नीट दाबलं नाही, दोष माझा आहे, मदतनीस बाईंना कामावर घ्यावं. तिने सही केली. पूर्ण नाव, शाळेत हजेरीवर करायची तसं.

बाहेर येऊन विचार केला. या पत्राने मावशींना नोकरी मिळते. कंपनीला त्रास नाही. आईच्या मनाला समाधान. आणि हे तिचं म्हणणं आहे, माझं नाही; तिच्या इच्छेविरुद्ध जायचा मला काय अधिकार? सगळ्यांचंच भलं. असा मार्ग समोर येतो तेव्हा तो नाकारणं हाही एक अहंकारच.

ऑफिसात गेलो नाही. फोन बंद ठेवला. थेट आश्रमात.

मेट्रनबाईंच्या टेबलावर माझ्या कंपनीचं पाकीट उघडं पडलं होतं. सकाळी दहालाच कोणीतरी हाती आणून दिलेलं. नोंदीच्या कागदाची दुसरी प्रत मी लांबूनच ओळखली.

मी आईचं पत्र पुढे केलं. त्यांनी वाचलं. मग उलटं करून मागचंही वाचलं, ते माझ्या लक्षात उशिरा आलं. माझ्याकडे बघितलं. घडी घालून मला परत दिलं आणि म्हणाल्या, मावशींना निरोप गेलाय, उद्यापासून येतील. आईंना काय सांगायचं ते तुम्ही बघा.

बस, एवढंच. एक शब्द वर नाही.

१८ मार्च, मंगळवार. संध्याकाळी

साहेबांशी काल बोलणं झालं. ड्रायव्हर आता समजाबाईकडे. तिने एक ओळ घातली, सगळीकडे पाठवली. चाळीस मिनिटं लागली म्हणे. मला माहितीपुस्तिका लिहायला दिल्यात. चौकशी व्हायची आहे. साहेब म्हणाले, तोपर्यंत अनुभवाचा उपयोग तिथे करा. ते मान खाली घालून बोलत होते.

ऑफिसातून रुग्णालयात. ताई औषधं आणायला खाली गेलेली. आईने विचारलं, पत्र दिलंस?

दिलं, म्हटलं.

घेतलं का तिला परत?

घेतलं.

ती इतकी हसली की तिला कळ आली. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, बघ, मी म्हणत होते ना, आपली चूक आपण कबूल केली की मोकळं होतं माणूस.

मी हो म्हटलं. थोड्या वेळाने तिचा डोळा लागला. पत्र माझ्या खिशात होतं.